मुरगाव १९४३: परक्यांचे प्रेम, परक्यांचे राजकारण आणि कादंबरीला लागणारा पाया

म्हापशेकरीण

सर्वांना नमस्कार. गेली दोन वर्षे मी एका कादंबरीवर काम करीत आहे. काळ १९४२-४३, स्थळे मुरगाव बंदर, वास्को आणि पणजी. युरोपात महायुद्ध पेटले होते आणि पोर्तुगाल तटस्थ होता; त्यामुळे एरवी एकमेकांच्या जिवावर उठलेले जर्मन, इटालियन आणि इंग्रज गोव्यात मात्र एकाच पोदेराकडून पाव घेत होते, ही गोष्ट प्रथम वाचनात आली तेव्हापासून तिने माझी पाठ सोडलेली नाही.

कथानक थोडक्यात सांगते. एहरनफेल्स या जर्मन जहाजावरचा तरुण बिनतारी अधिकारी आणि पणजीतल्या एका पोर्तुगीज अधिकाऱ्याची पत्नी यांचे प्रेम जमते. त्याच घरी काजूचा व्यापारी म्हणून येणारा एक इंग्रज वस्तुतः ब्रिटिशांचा हेर असतो, त्याचाही तिच्यावर जीव जडलेला असतो, आणि जहाजावर चोरून चालणाऱ्या संदेशयंत्राचा पत्ता त्याला शेवटी तिच्याकडूनच लागतो. ती तो राजकारणासाठी देते की मत्सरापोटी, हे मी मुद्दाम संदिग्ध ठेवले आहे. पहिल्या प्रकरणातल्या काही ओळी नमुन्यादाखल देते:

‘संध्याकाळी पाळी संपताच तो वास्कोहून निघाला आणि दिवे लागायच्या सुमारास पणजीला पोचला. क्लबात शिरून त्याने काउंटरवर दोन एस्कुदो ठेवले. कोणीही त्याला ओळखले नाही.’

आमच्या वाचनकट्ट्यावर पहिली सहा प्रकरणे वाचली, तेव्हा एका ज्येष्ठ सदस्यांनी एवढेच विचारले, “बाई, यातला गोवा काढून तिथे लिस्बन किंवा तांजीर घातले तर काय बिघडेल?” मला उत्तर सुचले नाही आणि त्या दिवसापासून सातवे प्रकरण पुढे सरकलेले नाही.

जाणकारांना विचारायचे ते असे. त्या जहाजांच्या प्रकरणातला कोणता भाग पक्का मानावा? आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, परक्या लोकांच्या प्रेमप्रकरणातून राजकीय कारस्थान घडल्याची उदाहरणे गोव्याच्या इतिहासात खरोखर आहेत का, की ही कल्पना मी इंग्रजी चित्रपटांतून उचलून आपल्या भूमीवर आणून बसवली आहे?

बायणेकार

तुमच्या ज्येष्ठ सदस्यांचा प्रश्न बोचरा असला तरी रास्त आहे. त्याचे उत्तर तुम्ही दिलेल्या तीन ओळींतच दडलेले आहे, पण तिकडे वळण्याआधी जहाजांचे सांगतो.

एहरनफेल्स, द्राखनफेल्स आणि ब्राउनफेल्स ही तीन जर्मन मालवाहू जहाजे १९३९ साली युद्धाच्या तोंडावर मुरगावच्या आश्रयाला आली, आणि १९४० मध्ये इटली युद्धात उतरल्यावर आंफोरा हे इटालियन जहाजही येथेच अडकले. ९ मार्च १९४३ रोजी उत्तररात्री ब्रिटिशांच्या गुप्त पथकाने एहरनफेल्सवर चढाई केली. चढाई करणारे बहुतेक जण कलकत्ता लाइट हॉर्स आणि कलकत्ता स्कॉटिश या हौशी पलटणींतले, म्हणजे कलकत्त्याच्या पेढ्यांत काम करणारे पोक्त वयाचे व्यापारी आणि हिशेबनीस होते. गाळ वाहून नेणारी ‘फीबी’ नावाची एक बोजड बोट कलकत्त्याहून वळसा घालून आणली गेली आणि ही मंडळी आगगाडीने कोचीनला जाऊन तिच्यावर चढली. झटापटीत एहरनफेल्सचा कप्तान मारला गेला. जर्मन आणि इटालियन खलाशांनी चारही जहाजांना आगी लावून आणि तळाच्या झडपा उघडून ती स्वतःच बुडवली. पोर्तुगिजांनी त्या खलाशांना कैद केले. तटस्थ बंदरात आपण घुसलो होतो हे ब्रिटिशांनी दीर्घकाळ कबूल केले नाही आणि सगळी हकीकत १९७८ साली पुस्तकरूपाने बाहेर आली. पुढे त्यावर इंग्रजी चित्रपट निघाला, त्याचे चित्रीकरण गोव्यातच झाले, आणि मूळ हकीकतीत नसलेली एक देखणी हेर स्त्री त्यात घालण्यात आली. तुमची नायिका तिची मावसबहीण वाटू नये, एवढी काळजी घ्या.

हा झाला पक्का सांगाडा. जहाजावरून पाणबुड्यांना संदेश जात होते आणि त्यामुळे अमुक इतकी जहाजे बुडाली, हे आकडे मात्र चढाई करणाऱ्यांच्या बाजूने आलेले आहेत, तेव्हा ते कादंबरीत एखाद्या इंग्रजाच्या तोंडी घालावेत, निवेदकाच्या नव्हे.

आता तुमच्या ओळी. १९४३ साली गोव्यात एस्कुदो चालत नव्हता. तो १९५० च्या दशकाच्या अखेरीस आला. तोपर्यंत रुपया होता आणि रुपयाचे सोळा टांगे होत. ही झाली किरकोळ चूक. मोठी चूक अशी, की तुमचा नायक वास्कोहून निघून दिवेलागणीला पणजीत पोचतो, जणू मध्ये काही नाहीच. मध्ये जुवारी आहे! तिच्यावरचा पूल १९८३ चा. तोवर कुठ्ठाळीला उतरायचे, फेरी धरून आगशीला जायचे आणि मग पुढची वाट. म्हणजे पणजीच्या बाईंवर प्रेम करणाऱ्या मुरगावच्या खलाशाला दर वेळी एका फेरीवर उभे राहावे लागणार, तिथे कोळणी असणार, कारकून असणार, एखादा पाद्री असणार, आणि त्या गोऱ्या माणसाला ‘कोणीही ओळखले नाही’ हे अशक्य आहे. परत येताना शेवटची फेरी चुकली, तर रात्र कुठे काढली याचा जबाब त्याला जहाजावर द्यावा लागणार. लिस्बनमध्ये किंवा तांजीरमध्ये ही फेरी नाही.

दुसरी गोष्ट आगगाडीची. मुरगावची रेल्वे पोर्तुगीज हद्दीत असली, तरी १९०२ पासून ती चालवीत होती ब्रिटिश हिंदुस्थानातली कंपनी. कुळ्याला पोर्तुगीज जकात, दूधसागर ओलांडला की कॅसलरॉकला ब्रिटिश. त्यामुळे तटस्थ बंदराच्या फलाटावर शत्रूच्या कंपनीचा स्टेशनमास्तर शिटी वाजवतो आहे आणि जर्मन खलाशी बाकावर बसून ती ऐकतो आहे, हे दृश्य तुम्हाला आयते मिळते. तुमच्या हेराला काजूचा व्यापारी करण्यापेक्षा त्या रेल्वेतच चिकटवून टाका. कोणाला संशय यायचा नाही.

तिसरी गोष्ट तिथीची. १९४३ साली ईस्टर २५ एप्रिलला होता. तो याहून उशिरा येऊच शकत नाही. त्यावरून मागे मोजले, तर उपवासाचा आरंभ १० मार्चला येतो, म्हणजे ९ मार्च हा इंत्रुजाचा, म्हणजे उपवासाआधीच्या कार्निव्हालचा, अखेरचा दिवस. चढाईसाठी रात्र निवडली ती ही. किनाऱ्यावर मेजवान्या आणि बायकांच्या वस्तीत फुकट पाहुणचार यांची व्यवस्था ब्रिटिशांनीच पैसे चारून करवली, म्हणजे जास्तीत जास्त खलाशी जहाजाबाहेर राहतील, असे त्या हकीकतीत येते. अमावास्या नुकतीच होऊन गेलेली, त्यामुळे रात्र काळोखी. आणि होळी पौर्णिमा पंधरवड्याच्या आत, त्यामुळे इंत्रुज संपतो न संपतो तोच शिगम्याचे ढोल. मुखवटे घातलेल्या गर्दीत कोण कोणाला भेटले, हे कादंबरीकाराने ठरवायचे.

माझे पणजोबा वास्कोत शिंपीकाम करीत. साडेतीन वर्षे बंदरात अडकलेल्या माणसाचा सदरा सर्वांत आधी कॉलरवर विरतो. शिंपी ती कॉलर उसवून, विरलेली बाजू आत घालून पुन्हा शिवतो आणि सदरा आणखी वर्षभर निभतो. जर्मन खलाशांचे असे सदरे त्यांच्याकडे पुष्कळ यायचे आणि मजुरी चार टांगे असायची, असे आजी सांगत असे. आग लागली त्या रात्री सड्याच्या बाजूचे आभाळ तांबडे झाले, तेव्हा घरातल्यांना आधी इंत्रुजाची दारूकामेच वाटली. सकाळी पणजोबा दुकानात गेले, तर दोन सदरे घड्या घालून ठेवलेले तसेच होते. त्यांचे मालक तुरुंगात होते.

दिवाडकर

बायणेकारांनी १९४३ चे बांधकाम पक्के केले आहे, म्हणून मी फक्त दुसऱ्या प्रश्नाला हात घालतो. प्रेमातून, किंवा निदान प्रेमाच्या संशयातून, राजकारण घडल्याची उदाहरणे आपल्याकडे आहेत आणि ती कोणत्याही चित्रपटाहून जुनी आहेत.

सर्वांत ठळक उदाहरण शार्ल डेलाँ या फ्रेंच वैद्याचे. १६७३ साली, वयाची पंचविशीही गाठलेली नसताना, तो पोर्तुगिजांच्या दमणमध्ये वैद्यकी करीत होता. तेथल्या एका स्त्रीच्या घरी त्याचे जाणे-येणे होते. ते सभ्य होते, असे तो स्वतः लिहितो. दमणच्या गव्हर्नराची त्याच स्त्रीवर नजर होती, आणि तिच्या घरासमोर राहणारा एक पाद्री, जो इन्क्विझिशनच्या, म्हणजे धर्मद्रोहाचा शोध घेणाऱ्या चर्चच्या न्यायालयाच्या, कामाशी संबंधित होता, तोही तिच्या मागे होता. बाप्तिस्मा, मूर्ती आणि खुद्द इन्क्विझिशन यांविषयी डेलाँ गप्पांच्या ओघात जे बोलून गेला होता, ते त्या दोघांनी हत्यार म्हणून वापरले, असे त्याचे म्हणणे. ऑगस्टमध्ये अटक, मग वसईमार्गे गोवा, आणि जानेवारी १६७४ पासून जुन्या गोव्यातल्या त्या इमारतीत कोठडी, जिला आपले लोक दबक्या आवाजात ‘व्हडले घर’ म्हणत. १२ जानेवारी १६७६ च्या जाहीर सोहळ्यात त्याला हद्दपारी आणि पोर्तुगालमध्ये पाच वर्षे गॅलीवरच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. १६७७ मध्ये तो सुटला, आणि १६८७ साली त्याची हकीकत छापून आली. अ. का. प्रियोळकरांनी गोव्याच्या इन्क्विझिशनवरच्या आपल्या १९६१ च्या ग्रंथात ती समाविष्ट केली आहे, तेव्हा ती मिळणे अवघड नाही.

कादंबरीकाराला यातून घेण्याजोगे आहे ते त्या न्यायालयाचे कामकाज. आरोपीला फिर्यादीचे नाव कधीही सांगितले जात नसे. आपल्यावर कोणी आणि काय आळ घेतला आहे, हे त्यानेच आठवून, ओळखून कबूल करायचे. कोठडीतला माणूस आपल्या आयुष्यातल्या प्रत्येक परिचिताला संशयित म्हणून एकेक करून डोळ्यांपुढे आणतो. तुमच्या बिनतारी अधिकाऱ्याला तुरुंगात नेमके हेच करायला लावा, कारण आपला पत्ता कोणी दिला हे त्यालाही कोणी सांगणार नाही.

याच्याही नव्वद वर्षे मागे गेलो, तर १५८३ साली चार इंग्रज होर्मुझला पकडून गोव्यात आणले गेले. व्यापाराच्या आडून हेरगिरी करतात, हा संशय. न्यूबेरी, फिच, लीड्स हे तिघे आणि चौथा जेम्स स्टोरी नावाचा चित्रकार. त्यांच्या सुटकेसाठी खटपट केली ती फादर थॉमस स्टीफन्स यांनी, म्हणजे ज्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ आपण मराठीचे वैभव म्हणून मिरवतो त्याच साष्टीतल्या इंग्रज पाद्र्याने. त्या वेळी आर्चबिशपच्या पदरी कारकून होता यान हाउखेन व्हान लिन्सखोटेन हा डच तरुण. त्यानेही यात मदत केली. तिघे इंग्रज पुढे जामीन टाकून पळाले. स्टोरी मागे राहिला. येशूसंघीयांना चर्चसाठी चित्रकार हवा होता, म्हणून त्याला त्यांनी ठेवून घेतले होते. पण त्याने तो मार्ग सोडला, गावात दुकान थाटले आणि एका मिश्रवंशीय गृहस्थाच्या मुलीशी लग्न केले. राजकारणातून सुरू झालेली ही एक गोष्ट तरी संसारात संपली!

आणि सगळ्यांनी ज्याला निरुपद्रवी समजले तो लिन्सखोटेन पोर्तुगिजांचे सागरी मार्ग टिपून घेऊन परतला, १५९५-९६ मध्ये त्याने ते छापले, आणि पुढे १६३६ पासून डच जहाजे दर वर्षी मांडवीच्या तोंडाशी वेढा घालून उभी राहू लागली. गोव्यातल्या बायका नवऱ्यांना धोतऱ्याचे बी चारून गुंगवतात आणि त्यांच्यादेखत प्रियकरांना घरात घेतात, हे वर्णनही त्याचेच. अविवाहित कारकुनाने बाजारात ऐकलेले म्हणून त्याची किंमत करावी, पण धोतरा खरा आहे आणि तो आजही आगशीच्या रस्त्याला उगवतो.

एक निरीक्षण नोंदवतो. दमणच्या त्या स्त्रीचे नाव डेलाँने दिलेले नाही. स्टोरीच्या पत्नीचे नाव नाही. १८४७ साली रिचर्ड बर्टन जुन्या गोव्याला आला होता. सांता मोनिकाच्या मठातून लॅटिन शिकवणारी तरुण जोगीण पळवायला गेलेल्या एका इंग्रज अधिकाऱ्याने काळोखात चुकून मठाच्या उपप्रमुख बाईंनाच उचलून आणले, ही गमतीची गोष्ट त्याने नोकराच्या तोंडून सांगितली आहे. तिथे त्या दोघींनाही नाव नाही. १९४२ च्या अखेरीस ब्रिटिशांनी पणजीतून एका जर्मन हस्तकाला मोटारीत घालून सरहद्दीपार नेले, तेव्हा त्याची पत्नीही सोबत नेली गेली. त्या हकीकतीत ती सामानासारखी येते. तुमच्या कथानकात पत्ता देणारी व्यक्ती तीच स्त्री आहे, आणि तिने तो का दिला हे तुम्ही ‘संदिग्ध’ ठेवले आहे. मला वाटते, गाडी अडली आहे ती इथे.

म्हापशेकरीण

दोघांचे मनापासून आभार. एस्कुदोची लाज वाटली आणि फेरीचा आनंद झाला. दिवाडकर, तुमचे शेवटचे वाक्य दोन दिवस डोक्यात घोळते आहे. मी संदिग्धता म्हणत होते, पण खरे सांगायचे तर तिच्या मनात काय चालले आहे ते मला ठाऊकच नव्हते. तिचे सगळे प्रसंग मी त्या दोन पुरुषांच्या नजरेतून लिहिले आहेत. डेलाँच्या हकीकतीतली ती घरासमोरची खिडकी मात्र मी घेणार आहे.

सत्तरीवाला

दोन ठिकाणी माझा मतभेद आहे.

डेलाँच्या प्रेमकहाणीवर इतका भार टाकू नये. फिर्यादीचे नाव सांगत नसत, हे दिवाडकरांनीच लिहिले आहे. मग गव्हर्नर आणि पाद्री यांच्या मत्सरातून आपल्यावर बालंट आले हे डेलाँला कळले कसे? तो त्याचा तर्क आहे. अटकेनंतर चौदा वर्षांनी, युरोपातल्या वाचकांसाठी लिहिताना, ‘मी धर्माविषयी सैल बोललो’ यापेक्षा ‘माझ्या रूपाचा दोघांना हेवा वाटला’ हे कारण कोणाही तरुणाला अधिक मानवेल. तर्क खोटा असेलच असे नाही, पण तो पुरावा नाही. कादंबरीला हे उलट सोयीचे आहे: तुमच्या कैदी नायकानेही प्रेमाचे कारण शोधून काढावे, आणि वाचकाला मात्र दिसावे की त्याचा पत्ता एखाद्या अगदी रुक्ष वाटेने फुटला होता. उधारी थकलेल्या वाण्याकडून, म्हणा.

दुसरा मुद्दा असा, की या संपूर्ण चर्चेत परके बोलत आहेत आणि गोवेकर त्यांना फेरीतून नेतो आहे. १९४३ चा गोवा हा सालाझारचा गोवा. १९३० चा वसाहत कायदा लागू, छापण्यापूर्वी वृत्तपत्रांची तपासणी, सभेला बंदी. ज्या जर्मनांना पोर्तुगीज सरकार पाहुणे म्हणून सांभाळत होते, त्यांच्याइतके मोकळे फिरणे आणि बोलणे येथल्या सुशिक्षित हिंदूला किंवा ख्रिश्चनाला नव्हते. लोहियांची मडगावची सभा १८ जून १९४६ ची, म्हणजे जहाजे जळाल्यानंतर सव्वातीन वर्षांनीच. त्या फेरीवर उभा असलेला कारकून या गोऱ्या माणसाकडे कसा पाहत असेल? कौतुकाने नक्कीच नव्हे. इंग्रजांचा शत्रू तो आपला मित्र, असे मानणारेही असतील, आणि दोन्ही पाकले, म्हणजे गोरे परके, सारखेच, असे मानणारेही असतील. ‘पाकलो’ हा शब्द तुमच्या सहा प्रकरणांत एकदाही आला नसेल, तर ज्येष्ठ सदस्य रागावले यात नवल नाही.

आणि नायिकेला पोर्तुगालहून आलेली करण्यापेक्षा इथेच जन्मलेल्या पोर्तुगीजवंशीय घराण्यातली करा. लिस्बनहून आलेले अधिकारी त्या घराण्यांना कमी लेखत आणि ती घराणी आपल्याला कमी लेखत. ती कोंकणी बोलते, पण फक्त नोकरांशी. खलाशाशी तिचे बोलणे मोडक्या इंग्रजीत होते, म्हणजे दोघांच्याही शत्रूच्या किंवा अर्ध्या शत्रूच्या भाषेत. एवढ्याने अर्धी संभाषणे आपोआप बदलतील.

बायणेकार

सत्तरीवाल्यांचा वाणी मला पटला, पण शिंप्याला सोडा.

आणखी एक सुचवतो. कादंबरी ९ मार्चला संपवू नका. त्याच वर्षी ऑक्टोबरात मुरगावच्या धक्क्यावर ग्रिप्सहोम हे स्वीडिश जहाज अमेरिकेतून जपान्यांना घेऊन आले आणि तेइया मारू हे जपानी जहाज पूर्वेकडून अमेरिकी आणि इतर दोस्त देशांच्या नागरिकांना घेऊन आले. प्रत्येकी सुमारे दीड हजार माणसे एका जहाजावरून उतरून दुसऱ्यावर चढली. सात महिन्यांपूर्वी जिथे आग लागली त्याच बंदरात, शत्रूंची अदलाबदल, भर दिवसा, यादी वाचून. तुमच्या बाई त्या गर्दीत कोणाला शोधायला येतात, ते बघा.

म्हापशेकरीण

सातवे प्रकरण काल रात्री सुरू केले. ती सज्जावर आहे, समोर बंद खिडकी आहे, आणि तो अजून पोचलेला नाही, कारण तो आगशीच्या बाजूला उतरतो आहे की कुठ्ठाळीलाच अडकला आहे, हे मला ठरवता येत नाही. १९४३ साली शेवटची फेरी किती वाजता सुटत असे आणि रात्री तिच्यावर कंदील असे का, हे कोणी घरच्या मोठ्यांना विचारून सांगाल का?

बायणेकार

कुठ्ठाळीला एक म्हातारे गृहस्थ आहेत, त्यांचे वडील त्याच फेरीवर होते. रविवारी जाऊन विचारतो. तोवर त्याला धक्क्यावरच बसवून ठेवा, आणि सदऱ्याच्या कॉलरकडे एकदा बघून घ्या.